रेड्याच्या पोटातला आवाज

बाबाच्या आवाजाला आमचं घर पुरत नसे. सपरीत, म्हणजे पुढच्या ओसरीत, बसून त्यानं नुसतं 'पानी दे वो' म्हटलं तरी चुलीजवळच्या मांडणीवर उभी केलेली पितळी ताटं थरथरायची, आणि मागच्या सांदवाडीत रवंथ करणारा बैल तोंड थांबवून ऐकत राहायचा. माय म्हणे, याच्या आवाजानं विरजण मोडते. आम्ही पोरं मायबापाला अरेतुरेच करायचो, म्हणून इथंही तसंच लिहिते आहे. कोणाला खटकलं तर खटको, त्या दोघांना कधी खटकलं नाही. आमचं गाव केशोरीच्या पुढं, सगळीकडं धानाच्या बांध्या आणि त्यापलीकडं जंगल. घर मातीचं, कौलारू, आणि घरात कायम कशाचा तरी वास. सकाळी भाताच्या पेजेचा, दुपारी लाखोरीच्या डाळीला दिलेल्या लसणाच्या फोडणीचा, आणि नवेगाव बांधाकडून मासळी घेऊन कोणी आलं की तीन घरं पलीकडच्यांनाही कळावं असा रश्श्याचा. या सगळ्यात बाबाचा आवाज असा भरलेला असायचा की तो शेतावर गेला की घर मोठं झाल्यासारखं वाटायचं, आणि ते मला मुळीच आवडत नसे.

दिवाळी झाली की आमच्याकडं गावोगावी मंडई भरते. मंडई म्हणजे जत्राच, पण तिला देवापेक्षा पाहुणे महत्त्वाचे. लेकीबाळी येतात, जावई येतात, उकडलेल्या शिंगाड्यांचे ढीग लागतात, जिलेबी तळली जाते, आणि भर दुपारी चौकात दंडार उभी राहते. दंडार म्हणजे आमचं नाचगाण्याचं, सोंगांचं लोकनाट्य. आमच्या गावच्या दंडारीत एक लोभी राजा होता, त्याला न्यायला यम येई, आणि यमाचं सोंग वर्षानुवर्षं बाबाचं. काळं तोंड, कमरेला दोरखंड, बोलणं बरंच, पण लोक वाट बघायचे ते 'चाल गा राजा, तुझं दानापानी सरलं' या एका वाक्याची. ते वाक्य तो म्हणाला की पुढं बसलेली पोट्टी आईच्या पदरात शिरायची. बांधावर गवत कापत राहिलेल्या बायाही सांगायच्या, की आम्हाला तिथं बसून राजाचं मरण ऐकू आलं. बाबा मग महिनाभर गावातून छाती काढून चालायचा. पोटाला शेती होती, पण मानाला ते एक वाक्य होतं.

मग गावात माईक आला. तो आणला देवरामनं. देवराम आमच्याच गावचा, अंगानं काडी, आवाजानं त्याहून बारीक, पण कपाळाला तेल लावून भांग असा पाडायचा की माशी बसली तर घसरावी. त्याच्याकडं आवाज वाढवायचं एक मशीन, एक बॅटरी आणि दोन भोंगे होते. लोखंडी भोंगे, कर्ण्यासारखे, बांबूवर बांधायचे. भोंगा मोठा गुणाचा, पण त्याची एक खोड होती. बारीक आवाज तो पार जंगलाच्या कडेपर्यंत नेऊन टाकायचा, आणि जाड आवाज आला की त्याच्या नरड्यात अडकायचा. बाबा पहिल्यांदा माईकसमोर उभा राहिला, नेहमीच्या ताकदीनं राजाचं दाणापाणी सरवलं, आणि भोंग्यातून निघालं ते बोकडाचं बें. लोक हसले. यमाला हसले. पदरात शिरायची ती पोट्टी आता पोट धरून लोळू लागली. बाबानं माईकपासून लांब उभं राहून पाहिलं, जवळ येऊन पाहिलं, तोंड वाकडं करून पाहिलं. बोकड काही जाईना. आणि माईक नको म्हणावं तर बाकीच्यांना तो इतका आवडलेला, की गवळणीचं सोंग घेणारा म्हातारासुद्धा त्याच्याशिवाय तोंड उघडेना.

पुढच्या दसऱ्याला तालीम सुरू झाली तेव्हा पेटीमास्तर सोनबाजीनं निकाल दिला. दंडारीत कोणाला कोणतं सोंग ते त्याच्याच हातात असे, आणि देवराम त्याचा सख्खा भाचा. तो म्हणाला, "आता माईकचा जमाना आहे गा. माईकले जो मानवते त्यालेच सोंग." यम देवरामला गेला. बाबाचं मन राखायला म्हणून त्याला आकाशवाणी दिली. कापडामागं बसून एकच वाक्य बोलायचं, 'थांब यमा, याचं दानापानी अजून बाकी आहे', की काम संपलं. वरून देवराम त्याला म्हणे, तुम्ही मागं रिकामेच बसणार आहात तर माझ्या मशीनकडंही लक्ष ठेवजा. बाबा हो म्हणाला. मला वाटलं होतं तो पेटी लाथाडून येईल. दंडारीबाहेर बसण्यापेक्षा कापडामागं बसलेलं बरं, एवढंच त्यानं मायला सांगितलं, आणि तेही इतक्या हळू की मांडणीवरचं एक ताट हाललं नाही.

त्यानंतर चार-आठ दिवसांनी मी सांदवाडीत शेण उचलायला गेले, तर गोठ्यातून कोणीतरी रडून राहिल्यासारखा आवाज आला. आत पाहिलं तर बाबा बैलासमोर उभा, मान वर ताणलेली, गळ्याच्या शिरा फुगलेल्या, आणि तो बारीक आवाज काढून राहिला होता. चाल गा राजा, चाल गा राजा. एवढा आडमाप माणूस, मिशीचा, आणि आवाज सुनेचा. बैलानं एकदा त्याच्याकडं पाहिलं आणि तोंड फिरवलं. मला आधी हसू फुटलं, ते मी पदर तोंडात कोंबून दाबलं, आणि मग मला असं रडू कोसळलं की टोपलं तिथंच टाकून मी पळाले. आपल्या बापाला बैलापुढं स्वतःची लाज काढताना पाहणं फार वाईट. त्या दिवशी मी ठरवलं की आवाज बारीक होईल तर देवरामचा होईल, बाबाचा नाही.

मी पळाले ती थेट काकीकडं. काकी म्हणजे माझ्या धाकट्या काकाची बायको, भिंतीपलीकडंच राहायची. माहेर तिरोड्याकडचं. अंगानं भरलेली, हसली की आधी पोट हसायचं आणि मग तोंड. ती गावाचे ब्लाऊज शिवायची आणि दंडारीतल्या सोंगांचे कपडेही तीच सांभाळायची. कोणाची खोडी काढायची असली की तिचं शिलाई मशीन आपोआप थांबायचं. बाबासमोर मात्र ती मुकी. बाबा तिचा भासरा, नवऱ्याचा थोरला भाऊ, आणि आमच्याकडं भासऱ्यासमोर बाई डोक्यावर पदर घेते आणि चकार शब्द बोलत नाही. लग्न होऊन इतकी वर्षं झाली तरी दोघांत एका शब्दाची देवाणघेवाण नव्हती. काय लागलं तर बाबा हवेला सांगायचा आणि काकी भिंतीला. पण त्याच्या यमाचा काकीला भारी अभिमान. मी रडत रडत गोठ्यातलं सांगितलं तर तिनं सुई तोंडातून काढली आणि म्हणाली, "त्या देवरामले रडवल्याशिवाय मी जिलबी खानार नाई, इंदे."

आता काकीकडं काय होतं ते सांगते. तिचा भाऊ एका फिरत्या टॉकीजमध्ये कामाला होता. तंबूतली ती टॉकीज बंद पडली तेव्हा पगाराच्या जागी त्याच्या पदरात काय काय सामान पडलं, त्यातले दोन फाटके स्पीकर त्यानं बहिणीला आणून टाकले. स्पीकर म्हणजे भोंगा नव्हे. जेवणाच्या थाळीपेक्षाही रुंद, पत्र्याचा सांगाडा, त्यात काळ्या कागदाचा खोलगट पंखा आणि पाठीमागं दगडासारखा जड गोल लोहचुंबक. एक पार चिंधड्या झालेला. त्याचा चुंबक काकी हरवलेल्या सुया शोधायला जमिनीवरून फिरवायची. दुसऱ्याचा पंखा शाबूत होता, फक्त कड फाटलेली, आणि त्यात तिनं कोंबड्यांना दाणे घालायला सुरुवात केली होती. मी तो धुऊन पुसून काकाच्या रेडिओला तारा जोडून पाहिला. आवाज आला, पण माठात बसलेल्या माणसाचा असावा तसा, तोही माणूस आजारी. तरी त्यात एक जाडपणा होता, जो भोंग्यात नव्हता. तेवढ्या धाग्यावर आम्ही दोघींनी पुढचं सगळं केलं.

आता माझा नातू गाडीच्या डिकीत बेसचा डबा लावून फिरतो. त्याच्या वरातीतल्या डीजेनं समोरच्या घराची कौलं खाली आली. त्याला मी विचारलं, आवाज जाड कशानं होतो रे, तर तो मला मोबाईलवर चित्र दाखवायला लागला. मला चित्र नको होतं. मला फक्त बघायचं होतं की त्यानं कधी हात लावून पाहिलं आहे का. नव्हतं लावलं. पोरगा गुणी आहे, त्याला मी बोलले नाही, पण मनात म्हटलं, बाबू, आम्ही दोन बायांनी ते कोंबड्यांच्या ताटलीत शोधलं.

पहिला शोध काकीचा. तिनं पंख्यावर बोट ठेवून दाबलं आणि म्हणाली, याची कड पाह्य किती करकरीत आहे, पापडासारखी. हा हलायले पाहून राहिला आणि कड त्याले हलू देत नाही. ब्लाऊजची बाही काखेत कसते तेव्हा बाई हात वर करते का? मग काखेत करतो तेच इथं करायचं ठरलं. तिनं कात्रीनं ती कडक कड सगळी कापून काढली. तिच्या जागी उरेब पट्टी लावली, म्हणजे तिरकं कापलेलं कापड, जे ताणलं की ताणतं. कापड कोणतं? आधी मांजरपाट लावून पाहिला, तो राठ. मग काकी उठली, ट्रंक उघडली, आणि लग्नातल्या रेशमी पोलक्याची बाही कचकन उडवली. मी नको नको म्हणेपर्यंत उडवलीही. नाहीतरी मी यात आता मावून राहिली का, म्हणाली. त्या रेशमातून वारा निघून जाऊ नये म्हणून त्यावर सायकलच्या पंक्चरचं सोल्युशन चोपडलं. पंखा मधोमध बसवणं मात्र जिवावर आलं. त्याच्या मागं तारेची एक गुंडाळी असते, ती चुंबकाच्या फटीत कुठंही न घासता राहायला हवी. काकाचा हात मोडला होता तेव्हाचा एक्स-रे खुंटीला टांगलेला होता. त्याच्या बारीक पट्ट्या कापून आम्ही फटीत चारी बाजूंनी खोचल्या, सगळं वाळू दिलं, आणि मग पट्ट्या ओढून काढल्या. टॉर्चचा सेल लावून पाहिला तर पंख्यानं धप्प करून उडी मारली. काकी घाबरून मागच्या मागं बसली आणि हसत सुटली. काकानं पुढं कित्येक दिवस तो एक्स-रे शोधला.

दुसरा शोध माझा, आणि तो चुकीचा निघाला. मला वाटलं, जाड माणसाचा आवाज जाड, तर पंखाही जड करावा. मी त्याला मेण थापलं. आवाज खाली गेला खरा, पण इतका मवाळ झाला की रेडिओला कान लावावा लागे. काकी म्हणे, गाभण म्हशीले पळवून राहिली तू. मेण खरवडून काढलं. तेव्हा कळलं की पंखा हलकाच ठेवायचा, ढकलणाराच दांडगा पाहिजे. ढकलणारा म्हणजे चुंबक, आणि एक चुंबक तर सुया गोळा करत पडलाच होता. तो पाठीला लावला तर पटकन चिकटला आणि आवाजात काडीचा फरक पडला नाही. उलटा करून लावायला गेले तर दोन्ही चुंबक एकमेकांना असे झिडकारायचे की हातातून निसटून एकानं मायचा विळाच ओढून घेतला. पण मी नेट लावून उलटा दाबून धरला तेव्हा रेडिओवरचा बातम्या देणारा माणूस एकदम पुढं सरकून बोलल्यासारखा झाला. झिडकारतात तसेच लावायचे. विळ्याची मूठ बसवायला घरात लाख असायचीच, ती वितळवून ओतली, वर जात्याची तळी ठेवली, तिच्यावर काकी बसली आणि लाख थिजेपर्यंत तिथंच बसून तिनं एका ब्लाऊजला काजं केली.

एवढं करूनही हातात धरलं की आवाज पोकळच. कड मऊ, चुंबक दुप्पट, आणि जाडपणा कुठं जातो ते कळेना. एके दिवशी कोंबड्यांनी पुन्हा त्यात चोच घालू नये म्हणून मी तो स्पीकर आमच्या घरात आणला आणि ढोलीच्या तोंडावर पालथा ठेवला. ढोली म्हणजे धान साठवायची बांबूची कणगी. आमची माझ्या छातीएवढी उंच, आतून बाहेरून शेणमातीनं लिंपलेली. दिवाळीच्या सुमाराला ती रिकामीच असायची, जुनं धान सरलेलं आणि नवं अजून बांधीत. तारेला जोडलेला काकाचा रेडिओही सोबत आणला होता, तो मी सहज लावला आणि कोणीतरी तबल्यावर थाप मारली. पायाखालची जमीन बोलली. मांडणीवरचं ताट हाललं. बाबा गप्प झाल्यापासून ते पहिल्यांदा हाललं, आणि मी तिथंच दोन्ही हात डोक्याला लावून उभी राहिले. पंख्याच्या पुढचा वारा मागच्या वाऱ्याला गाठून मोडत होता. ढोलीनं मागचा वारा पोटात कोंडून घेतला. हे मला तेव्हा असं सांगता आलं नसतं, पण समजलं त्याच क्षणी.

फक्त ढोली मायची होती. त्या ढोलीवर तिचा जीव. दर दसऱ्याला ती स्वतः लिंपायची, चुन्याच्या बोटांनी तिच्यावर नक्षी काढायची, नवं धान घालायच्या आधी हळदकुंकू वाहायची. रिकाम्या ढोलीवर कोणी नुसती चप्पल ठेवली तरी तिच्या तोंडाचा पट्टा सुरू व्हायचा. तिला विचारणं म्हणजे नाही ऐकून घेणं. मग आम्ही विचारलंच नाही. पण चौकात, सगळ्या गावासमोर, देवरामच्या डोळ्यांदेखत ही ढोली उभी करायची कशी? तो प्रश्न काकीनं एका वाक्यात सोडवला. यमाले रेडा पाह्यजे.

तिनं देवरामला निरोप धाडला, की यम पायी येते हे बरं दिसत नाही, तुमच्यासारख्या यमाला तर नाहीच, मी रेडा करून देते. देवराम असा फुलला की कपड्यांचं माप द्यायच्या निमित्तानं दोनदा आला. मंडईच्या दिवशी माय पहाटेच हलकं, म्हणजे लवकर पिकणारं, धान झोडायला खळ्यावर गेली. आम्ही ढोली बैलगाडीत घातली. तोंडावर गाडीच्या मोडक्या फळीचा तुकडा, त्याला गोल भोक, भोकात स्पीकर, आत थोडं तणस, म्हणजे धानाचा पेंढा, भरलेलं. चौकात ती आडवी ठेवली, दोन्ही बाजूंना विटा रचून वर बसायला फळी टाकली, सगळ्यावर काळं घोंगडं. खरी म्हशीची शिंगं बांधली, स्पीकरवर पातळ काळं कापड लावून त्यावर दोन कवड्यांचे डोळे. आणि मागं शेपटी. शेपटी म्हणजे सुतळी गुंडाळलेली दोन पदरी तार. ती कापडाखालून मागं, थेट देवरामच्या मशीनजवळ. देवरामनं रेड्याला फेरी मारली, पाठ थोपटली आणि म्हणाला, "लय जिवंत दिसून राहिला." काकीनं पदर तोंडावर ओढून घेतला आणि तिचं पोट हलायला लागलं.

दुपार झाली. चौक गच्च भरला. कापडामागं एका बाजूला बाबा, समोर आकाशवाणीचा माईक आणि देवरामचं मशीन; त्याच मशीनचा दुसरा माईक बाहेर सोंगांपुढं. दुसऱ्या बाजूला कपडे सांभाळायला काकी, भासरा आहे म्हणून पाठ करून बसलेली. आणि तिला मदतनीस म्हणून मी. बाबा गुडघ्यांत हात घालून बसला होता. ओठ हलत होते. मी कान दिला तर तो तेच वाक्य बारीक आवाजात घोकून राहिला होता. त्यानं बारीक आवाज काढला तर आमचा सगळा खटाटोप पाण्यात. पण सांगू कशी? सांगितलं असतं तर तो नको म्हणाला असता, चोरी ती चोरी म्हणाला असता. बाहेर देवराम रेड्यावर बसून किंचाळला, राजाचं दाणापाणी सरलं, लोकांनी बऱ्यापैकी टाळ्या वाजवल्या. मी शेपटीची उघडी टोकं मशीनच्या मागच्या दोन खिळ्यांना पिळली. बाबानं ते पाहिलं. भुवई वर गेली. आणि त्याच वेळी पेटीवर सोनबाजीनं आकाशवाणीचा सूर धरला. बाबाला माझ्याकडं बघत बघतच तोंड उघडावं लागलं. कार्टी काय करून राहिली या रागात तो बारीक व्हायचं विसरला.

"थांब यमा. याचं दानापानी अजून बाकी आहे."

काय सांगू. भोंग्यांनी शब्द नेले आणि रेड्यानं आवाज नेला. जमिनीतून आल्यासारखा आला. घोंगड्यातून शेणमातीची धूळ भस्सकन उडाली, कवड्यांचे डोळे लटलटले, आणि देवरामच्या खालची फळी अशी थरारली की तो दोरखंडासकट टुणकन उडून राजाच्या मांडीवर जाऊन पडला. बाया उठून उभ्या राहिल्या. एका म्हातारीनं रेड्याला हात जोडले आणि तिचं बघून रांगच्या रांग जोडू लागली. पोट्टी पदरांत शिरली. मी कापडाच्या फटीतून ती पदरात शिरलेली पोट्टी पाहिली आणि माझा आनंद पोटात मावेना.

देवराम कसाबसा उठला आणि रुबाब सावरायला त्यानं आपलं पुढचं वाक्य सुरू केलं. काकीनं तेवढ्यात हात लांबवून भोंग्यांची तार मशीनमधून उपटली. झालं, राहिला फक्त रेडा. देवरामचा बारीक आवाज रेड्याच्या पोटात शिरला आणि गोधडीखालच्या माणसासारखा भुभुभु करत बाहेर आला. एक अक्षर कळेना. तो ओरडला, भुभुभु. लोक हसून राहिले होते, आणि यमाला हसायची सवय त्यांना बाबाच्या बोकडापासून होतीच. काकीनं तार पुन्हा जोडली. पुन्हा उपटायला तिनं हात नेला तेव्हा बाबा बोलला. माईकवर पालथा पंजा ठेवून, माझ्याकडं तोंड करून, पण आयुष्यात पहिल्यांदा हवेला नाही, काकीसाठी.

"तुह्या काकीले सांग, आता तारेले हात लावू नोको."

त्यानं पंजा काढला, माईक जवळ ओढला, आणि यमाचं सोंग सुरुवातीपासून म्हणायला घेतलं. ते त्याचं नव्हतंच त्या वर्षी, पण सगळं पाठ होतं. बाहेर देवरामनं एकदा रेड्याकडं पाहिलं, एकदा कापडाकडं. मग तो शहाणा झाला. आवाजाबरोबर तोंड उघडू मिटू लागला, हात नाचवू लागला, डोळे फिरवू लागला. इतका चांगला यम तो एकट्यानं कधीच झाला नसता. सोनबाजी पेटीवर मान खाली घालून सूर देत राहिला, आणि शेवटी 'चाल गा राजा' आलं तेव्हा राजाचं सोंग घेतलेला माणूस खरोखर निघाला.

त्याच गडबडीत मी फटीतून पाहिलं तर गर्दीच्या कडेला माय उभी. हातात खराटा. हलकं धान घेऊन ती घरी आली होती, ढोलीची जागा रिकामी पाहून कोणाच्या तरी पाठीत खराटा मोडायला निघाली होती. आवाजाच्या हादऱ्यानं घोंगडं एका बाजूनं घसरलं होतं आणि रेड्याच्या बरगडीवर तिच्या चुन्याच्या बोटांची नक्षी दिसून राहिली होती. तिनं ती पाहिली. मी काकीचा हात घट्ट धरला. पण माय जागची हलली नाही. माईक आल्यापासून ती दंडार बघायला आलीच नव्हती, नवऱ्याला बोकड होताना बघवत नाही म्हणायची. ती तशीच उभी राहिली, खराटा छातीशी धरून, शेवटपर्यंत.

संध्याकाळी सोनबाजी घरी आला. शिंगाडे आणले होते. पुढच्या मंडईला यम तुमचाच, म्हणाला, आणि रेडाही आना. देवराम दाराबाहेर उभा राहून विचारत होता की रेड्याचं पोट त्याला उघडून बघता येईल का. काकीनं भिंतीला सांगितलं की नाही. बाबानं सोनबाजीला बसवलं, आणि 'पानी आन वो' म्हणून हाक मारली ती जुन्या आवाजात. ताटं हालली. मी मांडणीकडं पाहिलं, मायनंही पाहिलं.

पाहुणे गेल्यावर मी आणि काकी मान खाली घालून ढोलीजवळ उभ्या. ढोली गाडीतून उतरवून जागेवर ठेवली होती, स्पीकर अजून तोंडात, एक शिंग तसंच लटकलेलं. अंगणात हलकं धान पडलेलं. बाबा म्हणाला, हे सामान काढून टाकतो आणि धान घालतो ढोलीत. त्यानं फळीला हात घातला.

"पोत्यात भरा," माय म्हणाली. "ढोली रिकामी नाई."

बाबानं तिच्याकडं पाहिलं. ती सूप घेऊन धान पाखडायला बसलीही होती. मग त्यानं पोती आणली. त्या वर्षी, आणि बाबा यम व्हायचा त्या प्रत्येक वर्षी, आमच्या घरचं धान पोत्यात राहिलं. पोती भिंतीला टेकवून ठेवलेली, आणि रात्रंदिवस उंदीर ती कुरतडायचे. दाण्यादाण्याला जपणारी माझी माय, पण त्या उंदरांना तिनं कधी एक शिवी दिली नाही.